खानापूर तालुक्यात राहून मराठी बातमीदारी करायची आहे, सुरुवात कुठून?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी भागात राहतो. बी.ए. झालंय. शाळा मराठी माध्यमाची, कानडी दहावीपर्यंत विषय म्हणून होती. अक्षरं ओळखतो, बोलतो बऱ्यापैकी, पण सरकारी कागद वाचताना अडखळतो. पुण्या-मुंबईला जायचं नाही. इथल्याच मराठी वाचकांसाठी बातमीदारी करायची आहे. तीन शंका आहेत. पदविका नसताना दैनिकात शिरकाव कसा होतो? कानडी किती यायला हवी? आणि सीमाप्रश्नापलीकडे इथं मराठीत बातमी म्हणून नक्की काय असतं? उपदेश नको, कामाचं सांगा.

जुना डेस्क:
पहिल्या शंकेपुरतं सांगतो.

तालुक्याच्या पातळीवर पदविका कोणी विचारत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. जमलं तर पुढे करा. पण वार्ताहर म्हणून लागायला लागतो तो मजकूर.

"खानापूर तालुक्याचा वार्ताहर व्हायचंय" असा अर्ज करू नका. ती जागा प्रत्येक दैनिकात आधीच कुणाकडे तरी असते, आणि अर्ज फिरून त्याच माणसाच्या हाती पडतो. त्याऐवजी पट्टा मागा. जांबोटी ते कणकुंबी हा घाटमाथा खानापुरात बसून कुणालाच नीट सांभाळता येत नाही. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं की तिकडची बातमी दोन दिवसांनी येते. तिथं राहणारा माणूस डेस्कला हवाच असतो.

भेटायला जाताना पाच तयार बातम्या न्या, लेख नकोत. एक ग्रामपंचायतीची, एक शाळेची, एक रस्त्याची किंवा एसटीची, एक शेतीची आणि एक निधनवार्ता. निधनवार्तेला हसू नका. नाव, वय, गाव, पश्चात कोण, अंत्यविधी किंवा रक्षाविसर्जन कधी, एवढं ६० शब्दांत बिनचूक लिहिणारा माणूस डेस्कवाला लगेच ओळखतो. बाकीच्या बातम्या १५० ते २०० शब्दांत बसवा. पहिल्या वाक्यात काय झालं आणि कुठे, दुसऱ्यात कुणी सांगितलं किंवा कुठल्या कागदात आहे. "येथील नागरिकांतून तीव्र संताप व्यक्त होत आहे" हे वाक्य आलं की समजा लिहिणाऱ्यानं कुणालाही विचारलेलं नाही.

कुठे जायचं ते तुम्हाला ठाऊक असेलच. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ पासून आहे, 'पुढारी'ची बेळगाव आवृत्ती आहे. (नागपूरचा 'तरुण भारत' वेगळा. ई-मेल पाठवताना पत्ता तपासा, अर्ज विदर्भात जाऊन पडतो.)

पैशाचं स्पष्ट बोला. पट्ट्याच्या वार्ताहराला पगार नसतो, मानधन असतं, तेही थोडं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर होते, आणि घोळही तिथंच आहे. वाढदिवसाची जाहिरात ज्या पंचायत सदस्याकडून घ्यायची त्याच्याच गटाराच्या कामाची बातमी करायची, असा पेच पहिल्याच वर्षी येतो. शक्य असेल तर जाहिरात दुकानं, पतसंस्था, क्लासेस यांच्याकडून घ्या आणि पंचायतीची माणसं सोडा. पहिली दोन वर्षं शेती, शिकवण्या किंवा दुसरं काही उत्पन्न हाताशी असल्याशिवाय यात पडू नका.

नेमणुकीचं पत्र लेखी मागा. दैनिकाचं ओळखपत्र आणि कर्नाटकच्या माहिती खात्याची अधिस्वीकृती (पत्रकार म्हणून सरकारी मान्यता) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं महिन्याभरात मिळू शकतं, दुसरीला वेळ लागतो. गळ्यात कार्ड अडकवलं म्हणजे अधिस्वीकृती झाली असं समजून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात वाद घालू नका.

सचिव म्हणजे मंत्री:
दुसऱ्या शंकेवर मी. कानडी किती यायला हवी? बोलण्यापुरती असून भागत नाही, कागद वाचण्यापुरती हवीच. एफआयआर कानडीत, ग्रामपंचायतीची नडावळी (सभेचं इतिवृत्त) कानडीत, डीसींचं पत्रक कानडीत. जो मराठी बातमीदार हे वाचू शकत नाही, तो तिसऱ्यानं सांगितलेलं लिहितो. तो तिसरा बहुधा त्या प्रकरणातलाच कुणीतरी असतो.

अडचण वेगळीच आहे. आपल्याला कानडी परकी वाटत नाही आणि तिथंच पाय घसरतो. ठराव, अर्ज, फिर्यादी, अपघात, अनुदान हे शब्द जवळजवळ तसेच आहेत. मग सारखे दिसणारे पण वेगळा अर्थ असलेले शब्द डोळ्यांना चकवतात:

सचिव: कानडीत मंत्री. आपला सचिव म्हणजे त्यांचा कार्यदर्शी. "जिल्हा उस्तुवारी सचिव" म्हणजे पालकमंत्री. हा घोळ छापून येतो तेव्हा मंत्र्याचा अधिकारी होतो.

अनुमान: कानडीत संशय. "अनुमानास्पद सावु" म्हणजे संशयास्पद मृत्यू. "मृत्यूचा अंदाज" नव्हे.

कामगारी: बांधकाम, विकासकाम. कामगिरीही नव्हे आणि कामगारही नव्हेत.

उपन्यास: व्याख्यान. कॉलेजातला उपन्यासक म्हणजे व्याख्याता, कादंबरीकार नव्हे.

अवकाश: संधी. "अवकाश कोडबेकु" म्हणजे संधी द्यावी.

खंडने: निषेध. मनवी: निवेदन. प्रतिभटने: निदर्शने. गायाळू: जखमी. उद्योग खात्री: आपली रोजगार हमी. हिला "उद्योगाची खात्री" करून टाकलेलं वाचलं की डोकं धरावंसं वाटतं.

पदांचंही सांभाळा. कर्नाटकात सरपंच नाही. ग्रामपंचायतीला अध्यक्ष असतो आणि सदस्य त्याला निवडतात. ग्रामसेवक नाही, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आहे. उपविभागाधिकारी म्हणजे प्रांत. तुम्ही "अध्यक्ष" लिहून पाठवलंत आणि कोल्हापूरच्या कुणी नवख्या उपसंपादकानं "सरपंच" केलं, तर सकाळी फोन तुम्हालाच येणार. म्हणून बातमीच्या वर कंसात एक ओळ घाला: "अध्यक्ष हेच पद बरोबर, बदलू नये."

अकस्मात मृत्यूच्या नोंदीला इथं यूडीआर म्हणतात. यूडीआर म्हणजे गुन्हा नव्हे. "यूडीआर दाखल" याचं "गुन्हा दाखल" केलंत तर मृताच्या नातेवाइकांवर नाहक शिंतोडे उडतात.

आकडे. बरेच जुने कागद कानडी अंकांत असतात. कानडी १ म्हणजे खालून उघडा गोल, शून्य म्हणजे बंद गोल. शिक्का अर्धवट उमटला की एकाचं शून्य होतं. ६ आणि ९ तर भल्याभल्यांना फसवतात. रक्कम असेल तर अक्षरी रकमेशी ताडून बघा. तारीख असेल तर वार बघा, आणि वार नसेल तर जावक नोंदवहीतला क्रमांक विचारा.

उताऱ्यातही फरक आहे. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, इथला आरटीसी म्हणजे पहाणी एकर-गुंठे-आण्यांत. ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा. "२-१०-८" याचा अर्थ २ एकर साडेदहा गुंठे. मालकाचं नाव ९ व्या रकान्यात आणि बोजा, कर्ज, इतर हक्क ११ व्यात. जमिनीच्या भानगडीची बातमी करताना ११ वा रकाना न बघता लिहू नये.

मोबाईलवर भाषांतर करणार असाल तर एक खाचखळगा आधीच सांगतो. सरकारी पीडीएफ बऱ्याचदा 'नुडी'च्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असते. त्यातला मजकूर कॉपी करून भाषांतराला टाकला की नुसती अगम्य चिन्हं येतात. पान उघडून स्क्रीनशॉट काढा आणि तो गूगल लेन्सला दाखवा. अर्थ ढोबळ कळेल. पण नावं, रकमा आणि शेवटचं क्रियापद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. लेन्स आडनावांची वाट लावतं.

रोज एक कानडी दैनिकाचं जिल्हा पान मोठ्यानं वाचा. रोज अर्धा तास दिलात तर तीन महिन्यांत नडावळी वाचता येते.

पाणंद:
तिसरी शंका, बातमी कुठे असते. जुना डेस्क यांनी पाच प्रकार सांगितलेत, मी त्यातले दोनच घेतो, कारण मराठी वाचकाला हे इतर कुणी देत नाही.

पहिली ग्रामपंचायत. ग्रामसभेला जा, पण फक्त ग्रामसभेवर विसंबू नका. तिथं आरडाओरडा होतो आणि निर्णय नंतर सामान्य सभेत होतात. सामान्य सभेची नडावळी मागा. १५ व्या वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च झाला ते ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीच्या नावानं दिसतं. तिथली कामांची यादी छापून घ्या आणि गावात चालत फिरा. सीडी (म्हणजे रस्त्याखालची मोरी, नवख्यांसाठी सांगतो), गटार, हातपंप, एकेक जागेवर जाऊन बघा. फोटो काढताना चौकटीत काहीतरी न हलणारं घ्या, म्हणजे मंदिराची पायरी, शाळेची पाटी. उद्या "तो फोटो दुसरीकडचा" म्हणणाऱ्याचं तोंड तिथंच बंद होतं.

घरपट्टीच्या आणि प्लॉटच्या तक्रारी ई-स्वत्तूच्या (पंचायत हद्दीतल्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि नमुना ११ भोवती फिरतात. हे दोन कागद काय आहेत ते पीडीओकडून एकदा समजून घ्या. लोकांना याची मराठीत साधी माहिती दिलीत तरी तो अंक कात्रण म्हणून घरात राहतो.

कागद देत नसतील तर माहिती अधिकार. कर्नाटकाचे नियम असे आहेत. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर परत येतो. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर सोयीची. केंद्राच्या कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी आहे, त्यामुळे इथं मराठीत केलेला अर्ज कायद्यानं टिकत नाही. इथं तत्त्वाला धरून बसाल तर महिना वाया जाईल. इंग्रजीत करा. पत्त्यात "बेळगावी" लिहा, १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव तेच आहे. बातमीत बेळगाव लिहायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

अर्जात "का", "कशामुळे", "भ्रष्टाचार झाला का" असले प्रश्न घालू नका. अधिकाऱ्याचं मत देणं बंधनकारक नाही, कागद देणं आहे. "अमुक आर्थिक वर्षातील अमुक कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, बिलाची नक्कल", एवढंच. मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, खरी गंमत तिच्यात असते: रस्त्याची लांबी कागदावर किती आणि पायाखाली किती. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. तिथं निकाल आला किंवा मुदत संपली की ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. प्रत्येक वेळी पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

दुसरी शाळा. मराठी शाळांवर भावनिक लेख ढीगभर येतात, आकडे येत नाहीत. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, कर्नाटकाचे २९ नं सुरू होतात. त्यावरून पट, माध्यम, शिक्षकांची संख्या काढता येते. तुमच्या पट्ट्यातल्या सगळ्या मराठी प्राथमिक शाळांचा पाच वर्षांचा पट एका वहीत उतरवा. कुठली शाळा एका शिक्षकावर चालते, कुठे अतिथी शिक्षक जूनऐवजी ऑगस्टमध्ये आले, हे लिहा. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात विचारा, एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) सदस्यांना विचारा, मुख्याध्यापकाचं नाव मात्र शक्यतो टाळा. त्याची बदली तुमच्या बातमीवर होते आणि शाळा आणखी रिकामी पडते.

जनगणनेत मातृभाषेचा सी-१६ तक्ता तालुकावार मिळतो. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे १८ टक्क्यांच्या वर आहेत. खानापूर, बेळगाव तालुक्यांत प्रमाण याहून कितीतरी जास्त, तर बैलहोंगल-सौंदत्तीकडे नगण्य. जिल्ह्याची सरासरी तालुक्याला लावणं ही नेहमीची चूक. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासूनच्या संरक्षण योजनेत, तालुक्यात किंवा नगरपालिकेत १५ टक्के लोक ती भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं आहे. तुमच्या पंचायतीच्या फलकावर गेल्या वर्षात किती सूचना मराठीत लागल्या ते मोजा. भाषण न करता होणारी बातमी आहे ही.

आणि तुमच्या दारातच म्हादई आहे की! कळसा-भांडुऱ्यावर (म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवायची योजना) गोव्यातून आणि बेंगळूरूतून रोज लिहिलं जातं, कणकुंबीतून किती? २०१८ च्या लवाद निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी, त्यात मलप्रभेकडे वळवायचं ३.९ (कळसा १.७२, भांडुरा २.१८). गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३. हे आकडे पाठ करून ठेवा. "कर्नाटक १३ टीएमसी वळवणार" असं सर्रास छापतात, ते चूक आहे. भीमगड अभयारण्यातल्या गावांचं पुनर्वसनही तुमच्याच हद्दीत.

मलप्रभाकाठ:
सर्वांचे आभार. आणखी दोन गोष्टी. मित्र म्हणतो दैनिकाच्या मागे कशाला लागतोस, सरळ यूट्यूब चॅनेल आणि व्हॉट्सॲप ग्रुप काढ. त्याला काही नोंदणी लागते का? आणि १ नोव्हेंबरच्या वगैरे बातम्या नवख्यानं कशा हाताळायच्या?

कलम ३५६:
मित्र म्हणतो ते चूक नाही, पण क्रम उलटा आहे. दैनिकात दुसरा कुणीतरी तुमची बातमी वाचून मग छापतो. चॅनेलवर तो दुसरा नसतो आणि दावा तुमच्या एकट्याच्या नावानं येतो.

छापील साप्ताहिक काढायचं असेल तर आता १८६७ चा कायदा नाही. त्याच्या जागी २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. अर्ज 'प्रेस सेवा' पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि जिल्हा प्रशासनाकडे अभिप्रायाला जातो. नावावरून अडतं ते असं: त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा कुठल्याही भाषेत त्याच राज्यात, तसंच किंवा सारखं नाव असेल तर मिळत नाही. म्हणजे तुमचं मराठी नाव देशभरातल्या सगळ्या मराठी नावांशी आणि कर्नाटकातल्या सगळ्या भाषांतल्या नावांशी अशा दोन चाळण्यांतून जायचं. 'सीमावार्ता', 'लोकवाणी' छापाची नावं सुचवूच नका. गावाचं, ओढ्याचं, डोंगराचं नाव घ्या.

डिजिटल बातम्यांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात. प्रकाशन सुरू केल्यापासून ३० दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला तपशील कळवायचा, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवायचा, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निपटारा १५ दिवसांत. एकट्यानं चालवत असाल तर तो अधिकारी तुम्हीच. "आमचं चॅनेल रजिस्टर्ड आहे" म्हणून बिल्ले विकणाऱ्यांपासून लांब राहा. तपशील कळवला म्हणजे सरकारनं मान्यता दिली, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, जुने आकडे लिहू नका. बदनामी ३५६. गटांत तेढ १९६, आणि त्यात धर्म-जातीबरोबर भाषा हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आपल्या भागात हेच कलम सर्वांत जवळचं समजा. व्हिडिओच्या थंबनेलवर लाल अक्षरात जे लिहिता तेही यात धरतात, आणि खालच्या कॉमेंट उघड्या ठेवल्या तर त्यावरूनही चौकशीला बोलावणं येऊ शकतं. गरम दिवशी कॉमेंट बंद ठेवा.

बलात्कारपीडितेची ओळख ७२ नुसार उघड करता येत नाही. मूल असेल तर पोक्सोचं कलम २३. ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. दोनशे उंबऱ्यांच्या गावात "अमुक गावातील नववीत शिकणारी, किराणा दुकानदाराची मुलगी" लिहिलं की सगळं सांगून झालं. गावाचं नावही काढा, तालुका पुरे. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नाव आणि नातं दोन्ही एका बातमीत देऊ नका.

कोर्टाच्या बातम्या: ई-कोर्ट्सवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांकावरून तारखा आणि आदेश मिळतात. आपल्या भागाचं उच्च न्यायालय म्हणजे धारवाड खंडपीठ. तिथले आदेश इंग्रजीत असतात, ते स्वतः वाचा. वकिलानं फोनवर सांगितलेला निकाल हा त्याच्या पक्षकाराचा निकाल असतो.

हिंडलगा नाका:
दुसऱ्या प्रश्नाचं.

वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. १७ जानेवारी हुतात्मा दिन (१९५६). १ जून, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातले हुतात्मे, कार्यक्रम हिंडलग्याला. १ नोव्हेंबर: राज्योत्सव (कर्नाटकाचा स्थापना दिन) आणि मराठी भाषिकांचा काळा दिन एकाच दिवशी, एकाच शहरात. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये (बेळगावातलं विधानभवन) अधिवेशन आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा. परवानगी मिळाली का, कुठल्या अटींवर, कलम कुठलं लावलं, मार्ग कोणता, हे आधल्या दिवशी कागदावर बघून ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा सांगाडा तिथंच तयार होतो.

सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण हा महाराष्ट्राचा दावा आहे, घटनेच्या कलम १३१ खालचा, २००४ चा मूळ दावा क्रमांक ४. त्याला "याचिका" लिहू नका. ८६५ गावं ही महाराष्ट्राच्या मागणीतली संख्या. "सीमाभागातील ८६५ गावांवर अन्याय" हे पत्रकात चालतं, बातमीत "महाराष्ट्राने दावा केलेली ८६५ गावे" असं यायला हवं. तुम्ही कुठल्या बाजूचे हे वाचकाला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगायची गरज नसते. त्याला खरं काय झालं ते हवं असतं.

"हजारोंचा जनसागर" लिहू नका. मोर्चा एका अरुंद जागेवरून जाताना पाच मिनिटांत किती माणसं गेली ते मोजा, त्याला पाचानं भागा आणि मोर्चा जायला लागलेल्या एकूण मिनिटांनी गुणा. पोलिसांचा आकडा आणि आयोजकांचा आकडा दोन्ही नाव घेऊन द्या.

सर्वांत सांभाळायची ती किरकोळ भांडणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसवाहकाला झालेल्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांमधली बससेवा काही दिवस बंद पडली होती. अशा वेळी फिर्यादीत काय आहे, उलट फिर्यादीत काय आहे आणि व्हायरल व्हिडिओत प्रत्यक्ष काय दिसतं या तीन गोष्टी तीन वेगळ्या परिच्छेदांत लिहा, एकमेकांत मिसळू नका. भांडणाचं कारण भाषा असं फिर्यादीत नसेल तर मथळ्यात "मराठी युवक", "कन्नड युवक" घालू नका.

पाट्यांचा विषय सतत येईल. २०२४ च्या दुरुस्ती कायद्यानं दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कानडी सक्तीची आहे. कायदा उरलेल्या ४० टक्क्यांत मराठीला बंदी करत नाही. पाटी काढायला लावली तर नोटीस होती का, कुणाच्या सहीची, किती दिवसांची मुदत, हे विचारा. नोटीस नसणं हीच तिथली बातमी.

कॅसलरॉक:
तांत्रिक थोडं, कारण बाकी मंडळींनी ते सोडलंय.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. दोन कॉलमला, म्हणजे साधारण ८ सेंटिमीटरला, छपाईसाठी ९५० पिक्सेल लागतात, तिथं चालून जातं. चार कॉलमला १९५० लागतात, तिथं चेहरे चिखल होतात. फोटोओळीत नावं डावीकडून उजवीकडे, आणि सगळ्यांची द्या नाहीतर कुणाचीच नको.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये लिहून पाठवलेल्या बातमीतली जोडाक्षरं रूपांतरात फुटतात, आणि नेमकी आडनावांत फुटतात.

गावांची नावं एका वहीत मराठी आणि कानडी दोन्ही उच्चारांत लिहून ठेवा. पोलिसांच्या कागदात "इद्दलहोंड" असेल, वाचकाचं इदलहोंड. "हलसी" म्हणजे आपली हलशी. बेळगाव तालुक्यात सुळगा दोन आहेत, एक येळ्ळूरकडचा आणि एक हिंडलगा-उचगावकडचा. अपघाताची बातमी चुकीच्या सुळग्याच्या नावानं गेली तर रात्रभर भलत्याच घरात फोन वाजतात.

मलप्रभाकाठ:
सराव म्हणून आमच्या पंचायतीच्या नडावळीतलं एक वाक्य लावलं. देवनागरीत लिहितो: "कुडियुव नीरिन कामगारिय विषय चर्चिसि मुंदूडलायितु." मी केलं: "पिण्याच्या पाण्याच्या कामावर चर्चा होऊन काम पुढे नेण्याचे ठरले." बरोबर का?

सचिव म्हणजे मंत्री:
कामगारी बरोबर पकडलीत. शेवटचं क्रियापद मात्र चुकलं. मुंदूडलायितु म्हणजे पुढे ढकलण्यात आले, पुढे नेण्यात आले नव्हे. तुमची बातमी "पाणी योजनेला गती" अशी गेली असती आणि कागद सांगतोय की विषय लांबणीवर पडला.

नडावळीत चारच क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात, ती आधी पाठ करा. अनुमोदिसलायितु: मंजुरी दिली. तीर्मानिसलायितु: ठरवलं. चर्चिसलायितु: नुसती चर्चा झाली, पुढे काही नाही. मुंदूडलायितु: ढकललं. वाक्य कितीही लांब असो, आधी शेवटचा शब्द वाचायचा आणि मग मागे यायचं.

आता तेच पान पुन्हा उघडा आणि याआधीच्या दोन सभांची नडावळीही मागून घ्या. पाण्याचा हाच विषय तिन्ही वेळा मुंदूडलायितु असेल, तर पहिली बातमी तयार आहे. तारखा कानडी अंकांत असतील, ६ आणि ९ बघून घ्या.